कॉमिकवर सही घेताना: नव्या संग्राहकासाठी पहिल्यापासून

लेखक-चित्रकाराची सही घ्यायला निघण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ही प्रत मी ठेवणार आहे की विकणार आहे? पेन कोणतं, सही कुठे, सहीसोबत आपलं नाव घालायचं की नाही, किती प्रती न्यायच्या, पैसे किती मोजायचे, हे सगळं याच उत्तरावर ठरतं. ‘बघू, पुढेमागे भाव आला तर विकू’ असं ज्यांचं उत्तर असतं, त्यांची दोन्हीकडून पंचाईत होते. ठेवायची म्हणून मनासारखी सही घेत नाहीत आणि विकायची म्हणून लागणारा पुरावाही जमवत नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिल्या काही सह्या स्वतःसाठी घ्या आणि स्वतःच्या नावाने घ्या. बाजाराचं गणित समजायला वेळ लागतो, आणि ते समजण्याआधी त्याच्यामागे धावणाऱ्याच्या हाती बहुधा खर्चच उरतो. आवडत्या माणसाने आपलं नाव लिहून दिलेली प्रत मात्र पहिल्या दिवसापासून आपली असते.

कोणाची सही घ्यायची ते आधी तपासा

मुखपृष्ठ ज्याचं, आतलं कामही त्याचंच, असं धरून चालू नका. स्पायडर-मॅन पहिल्यांदा दिसला तो 1962 चा ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक 15 घ्या. आतली गोष्ट लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांची, पण मुखपृष्ठाचं रेखाटन जॅक कर्बी यांचं आणि त्यावरची शाई डिटको यांची. डेडपूल पहिल्यांदा आला तो 1991 चा ‘न्यू म्युटंट्स’ क्रमांक 98. सगळे चित्रकार रॉब लायफेल्ड यांचं नाव घेतात, पण त्यातले संवाद फॅबियन निसिएझा यांचे आहेत. चित्रकारापुढे दुसऱ्याचंच काम ठेवून ‘तुमचं हे मला फार आवडतं’ म्हणणं त्या माणसाला खुपतं, मग तो कितीही हसून सही करो.

म्हणून घरूनच श्रेयपानावर नजर टाका. जुन्या अंकांत हे श्रेय पहिल्या पानावरच्या चौकटीत असतं, नव्या अंकांत आतल्या मुखपृष्ठावर किंवा शेवटी. लेखक, पेन्सिलने रेखाटन करणारा, त्यावर शाई चढवणारा इंकर, रंगकार, अक्षरं लिहिणारा लेटरर, मुखपृष्ठाचा चित्रकार आणि संपादक, असे सात जण एका अंकामागे असू शकतात. कधी एकच माणूस दोन-तीन कामं करतो. ‘वॉचमन’ या मालिकेची (1986–87) अक्षरं चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी स्वतःच लिहिली, रंग मात्र जॉन हिगिन्स यांचे.

इंकर, रंगकार आणि लेटरर यांच्याकडे मुद्दाम जा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. त्यांच्यापुढे रांग लहान असते, बोलायला वेळ मिळतो, आणि एखाद्या पानावर रात्रीचा रंग कसा साधला हे विचारलंत तर ते मनापासून सांगतात. बाजारात त्यांच्या सहीला फारसा भाव नाही. पण एखाद्या अंकावर लेखकापासून लेटररपर्यंत सगळ्यांच्या सह्या जमवणं हा संग्रहाचा फार सुंदर प्रकार आहे, आणि तो कमी खर्चात होतो.

असा संच जमवायचा असेल तर वयाचा विचार करावा लागतो. वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक म्हणजे ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक 181 (1974). चित्रकार हर्ब ट्रिम्पी 2015 मध्ये गेले, लेखक लेन वाइन 2017 मध्ये, आणि वुल्व्हरिनच्या रूपाची आखणी करणारे जॉन रोमिटा सीनियर 2023 मध्ये. त्या अंकावर या तिघांच्या सह्या आता नव्याने कोणालाच घेता येणार नाहीत.

प्रत कोणती न्यायची

सगळ्यात महागडी प्रत घेऊन पहिल्यांदा रांगेत उभं राहू नका. गर्दी, धक्के, घामेजलेले हात, टेबलावरचा पाण्याचा ग्लास, यातलं काहीही नडू शकतं. शिवाय सही हे प्रतीवर केलेलं कायमचं लिखाण आहे, ते पुसता येत नाही. फार जुन्या आणि उत्तम अवस्थेतल्या अंकावर सही घ्यावी की नाही यावर संग्राहकांत आजही दोन तट आहेत. माझा कौल कोऱ्या ठेवण्याकडे आहे. तशा अंकाच्या जुन्या प्रती मोजक्याच उरल्यात, आणि सहीसाठी त्याच अंकाची पुनर्मुद्रित प्रत किंवा संग्रहखंड चालतो.

वाचून वाचून कडा झिजलेली, लहानपणापासून जवळ असलेली प्रत नेताना मात्र बिचकू नका. बऱ्याच लेखक-चित्रकारांना अशी प्रत बघून आनंद होतो, कारण ती वाचलेली असते.

अनधिकृत छपाई, चोरून छापलेली पोस्टरं किंवा दुसऱ्याने त्यांची नक्कल करून काढलेली चित्रं सहीसाठी पुढे करू नका. तो त्यांच्या पोटावर पाय आहे.

पेन आणि जागा

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण अंक खराब होतात ते बहुधा इथेच.

मुखपृष्ठ गुळगुळीत, चकचकीत असेल आणि रंग फिका असेल तर शार्पीसारखं बारीक टोकाचं काळं किंवा निळं परमनंट मार्कर ठीक चालतं. मुखपृष्ठ गडद असेल तर सोनेरी, चंदेरी किंवा पांढरं पेंट मार्कर लागतं. पेंट मार्करची एक खोड आहे. ते झाकण लावून नीट हलवावं लागतं, मग टोक दाबून रंग खाली आणावा लागतो, आणि पहिल्या दाबाला बरेचदा थेंब पडतो. म्हणून सोबत रद्दी कागद ठेवा, पेन त्यावर चालवून घ्या आणि रेघ एकसारखी येऊ लागली की मगच पुढे करा. हे काम रांगेत असतानाच उरका. टेबलाशी पोचल्यावर पेन हलवत बसलात तर तुमच्या मागचे ताटकळतात आणि लेखकाचाही वेळ जातो.

आतल्या पानावर मार्कर वापरू नका. जुन्या अंकांतला कागद वृत्तपत्रासारखा असतो. शाई पसरते, पलीकडे उमटते, आणि काही वर्षांनी सहीभोवती पिवळट कडं दिसू लागतं. तिथे बारीक टोकाचं, रंगद्रव्याच्या शाईचं पेन हवं. चित्रकार रेखाटनासाठी वापरतात तसलं. बॉलपेन नकोच. त्याचा दाब कागदात खड्डा करतो आणि चकचकीत पृष्ठावर शाई धरत नाही.

दोन-तीन प्रकारची पेनं न्या, पण ती लादू नका. अनेक चित्रकार स्वतःची पेनं बाळगतात आणि कोणत्या पृष्ठावर काय टिकतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

जागेचंही तसंच. चेहऱ्यावर, शीर्षकावर किंवा गजबजलेल्या तपशिलावर सही गेली की ती वाचताही येत नाही आणि चित्रही बिघडतं. मोकळं आकाश, भिंत, सावली अशी एखादी सपाट जागा आधी हेरून ठेवा. पुढे अजून कोणाची सही घ्यायची असेल तर तिच्यासाठीही जागा सोडा, कारण मधोमध मोठी सही आली की बाकीच्यांना कोपरेच उरतात. जागा दाखवायची सोपी युक्ती अशी: अंक ठेवतात तसली जादाची एक प्लॅस्टिक पिशवी घ्या, तिला हव्या त्या जागी खिडकीसारखा चौकोन कापा आणि अंक त्यात सरकवा. चौकोन अंक आत घालण्याआधी कापायचा, अंक आत असताना ब्लेड चालवायचं नाही. सही त्या खिडकीतच होते, बाकीचं मुखपृष्ठ झाकलेलं राहतं आणि बोटांचे ठसेही लागत नाहीत. चिकट चिठ्ठी लावायची असेल तर पिशवीवर लावा, अंकावर कधीच नको.

रांगेत उभं राहण्याआधी

कन्व्हेन्शन, म्हणजे कॉमिकच्या चाहत्यांचा मेळावा असो की पुस्तकाच्या दुकानातला सही-कार्यक्रम, नियम आधी वाचा. एका माणसाला किती प्रती, पहिल्या काही मोफत आणि पुढे शुल्क का, फक्त तिथे विकत घेतलेल्या पुस्तकावरच सही का, फोटो चालतो का, वेळ कधी संपते, हे बहुतेक वेळा जाहीर केलेलं असतं किंवा टेबलावर पाटी असते. रांग बंद झाली असं स्वयंसेवकाने सांगितलं की हुज्जत घालू नका. तो माणूस लेखकाला जेवायला आणि पाय मोकळे करायला मिळावेत म्हणूनच तिथे उभा असतो.

रोख सुटे पैसे जवळ ठेवा. आपलं नाव चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. गोंगाटात नाव ऐकू येत नाही आणि स्पेलिंग चुकलं तर ते कायमचं चुकतं. टेबलापाशी पोचण्याच्या आधी दोन-तीन माणसं पुढे असतानाच अंक पिशवीतून अर्धा बाहेर काढा आणि अंकामागचा पुठ्ठ्याचा बोर्ड तसाच राहू द्या, म्हणजे सही करताना खाली कडक आधार मिळेल. पिशवीची चिकटपट्टी आधीच काढून टाका किंवा उलटी दुमडून घ्या. अंक ओढून काढताना हीच पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि वरचा रंगाचा थर सोलून नेते.

टेबलापाशी

आधी नमस्कार, मग नाव, मग अंक. समोर मूळ चित्रं पसरलेली असतात, त्यांच्यावर पिशवी, कॉफी, फोन काहीही ठेवू नका. ‘सही घेऊ का?’ असं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

बोलायचं काय, असा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. नेमकं बोला. ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पुष्कळदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी एखादी चौकट, एखादं पान, एखादा संवाद सांगा. अमुक अंकातल्या शेवटच्या पानावर तुम्ही एकही शब्द ठेवला नाहीत, ते का? असा प्रश्न विचारला की माणूस पेन थांबवून वर बघतो. मग दोन मिनिटं जे बोलणं होतं ते कुठल्याही सहीपेक्षा जास्त काळ लक्षात राहतं. मागे रांग मोठी असेल तर ते एका मिनिटात आटोपा.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. त्यांचं दुसरं काम किती कमी प्रतीचं आहे हे सांगू नका, त्यांच्या सहकाऱ्याबद्दल कुजबुज करू नका, आपली कथा वाचायला देऊ नका, सहीसोबत ‘एक छोटंसं चित्रही’ फुकट मागू नका. चित्र हे त्यांचं काम आहे आणि त्याचा दर असतो. माणूस जेवत असेल, प्रसाधनगृहाकडे निघाला असेल, मुलांसोबत असेल, तर पेन खिशातच राहू द्या. नकार मिळाला तर आभार मानून बाजूला व्हा. सही देणं हा त्यांचा निर्णय आहे, आपला हक्क नाही.

त्यांच्या टेबलावरचं काहीतरी विकत घ्या. एखादा छोटा प्रिंट, एखादा अंक, खिशाला परवडेल ते. फुकट सही करणाऱ्या माणसाचे तिथे येण्याजाण्याचे, राहण्याचे पैसे त्या विक्रीतूनच निघतात.

शुल्काबद्दल

‘पूर्वी सह्या फुकट मिळायच्या’ ही तक्रार कानावर पडतेच. ती करण्याआधी या धंद्याचा इतिहास बघा. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला दिले. त्या पात्रावर पुढे केवढा व्यवसाय उभा राहिला ते सांगायला नको, पण त्याचे जनक उतारवयात हलाखीत होते. चित्रकार नील ॲडम्स आणि इतरांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे 1975 मध्ये सीगल आणि शूस्टर यांना वार्षिक मानधन आणि सुपरमॅनच्या अंकांवर नाव मिळालं. कित्येक दशकं अमेरिकी कॉमिकमधले लेखक-चित्रकार पानामागे ठरलेला मोबदला घेऊन काम करत आले, पात्रांची मालकी कंपनीची. अडचणीत सापडलेल्या अशा कलाकारांना औषधपाण्यासाठी मदत करणारी ‘हीरो इनिशिएटिव्ह’ ही संस्था 2000 पासून काम करते आहे. तिच्या टेबलावर बसून सही करणारे कलाकार दिसले तर तिथे दिलेला पैसा सगळ्यात योग्य जागी जातो.

चाळीस वर्षांपूर्वीच्या पानाचे पैसे चाळीस वर्षांपूर्वीच संपलेल्या माणसाने आज सहीचे पैसे मागितले, तर मला ते पूर्ण न्याय्य वाटतं. परवडत नसेल तर घेऊ नका, पण घासाघीस करू नका.

बऱ्याच ठिकाणी दोन दर असतात: नावासह सही स्वस्त किंवा मोफत, आणि कंपनीकडून प्रमाणित करून घेण्यासाठीची कोरी, म्हणजे नाव न घातलेली सही महाग. विकायला नेत असाल तर तसं सरळ सांगा आणि तो दर भरा. खोटं बोलून स्वस्तात घेतलेल्या सहीचं ओझं मागच्या सगळ्यांवर पडतं. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ या वृत्तपत्रांतल्या चित्रपट्टीचे चित्रकार बिल वॉटरसन त्यांच्या गावच्या एका पुस्तकाच्या दुकानात गुपचूप पुस्तकांवर सह्या करून ठेवायचे, कोणाला मिळेल त्याला मिळेल म्हणून. त्या प्रती इंटरनेटवर चढ्या भावाने विकल्या जाताहेत हे कळल्यावर त्यांनी ते बंद केलं. ज्या वाचकांच्या हाती ती प्रत सहज पडली असती, त्यांचं नुकसान त्या विकणाऱ्यांनी केलं.

साक्षीदारासमोरची सही

प्रत पुढे विकायची आहे हे पक्कं असेल तर हा भाग समजून घ्या. कॉमिकची अवस्था 0.5 ते 10 अशा मापावर तपासून ती कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. सीजीसी 2000 मध्ये सुरू झाली, सीबीसीएस 2014 मध्ये. सीजीसीच्या सही-योजनेत कंपनीचा अधिकृत साक्षीदार सही होताना स्वतः हजर असतो. सही झाली की अंक त्याच्या ताब्यात जातो, तुमच्या घरी येत नाही. नंतर तो पिवळ्या लेबलाच्या डबीत परत येतो, आणि लेबलावर कोणी कधी सही केली ते छापलेलं असतं.

साक्षीदार नसताना झालेली सही, भले ती तुमच्या डोळ्यांदेखत झालेली असो, त्या योजनेत ग्राह्य नाही. तुम्ही काढलेला फोटोही त्यासाठी चालत नाही. अशी सही मुखपृष्ठावरचं लिखाण म्हणून दोषात धरली जाऊ शकते, किंवा अंकाला हिरवं, म्हणजे ‘सशर्त’ दर्जाचं लेबल मिळतं. साक्षीदारासमोरची सही मात्र दोष धरत नाहीत. सीबीसीएसकडे आणि काही सही-तज्ज्ञ संस्थांकडे आधीच झालेली सही नमुन्यांशी ताडून बघण्याची सोय आहे, पण ते तज्ज्ञाचं मत असतं आणि बाजार साक्षीदाराच्या पुराव्याला जास्त मानतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी साक्षीदाराची नोंदणी, मग रांग. उलट करून चालत नाही.

किंमत खरंच वाढते का?

कधी वाढते, कधी नाही, आणि कधी घटते.

सहीची किंमत तीन गोष्टींवर ठरते: ती किती दुर्मीळ आहे, ती खरी असल्याचा पुरावा आहे का, आणि ती त्या अंकावर शोभते का. स्टॅन ली 2018 मध्ये गेले. त्यांचं नाव सगळ्यात मोठं, पण अखेरच्या दशकांत त्यांनी इतक्या सह्या केल्या की साध्या अंकावरची त्यांची सही दुर्मीळ म्हणता येत नाही. जॅक कर्बी 1994 मध्येच गेले, प्रमाणित डब्यांचा जमाना येण्याच्या आधी. त्यामुळे त्यांच्या खात्रीच्या सह्या मोजक्या आहेत. स्टीव्ह डिटको यांनी मुलाखती आणि जाहीर कार्यक्रम टाळले, त्यांची अंकावरची सही तर क्वचितच दिसते. नाव मोठं म्हणून भाव मोठा, असा सरळ हिशेब नसतो.

भरपूर कार्यक्रम करणाऱ्या, हयात असलेल्या चित्रकाराची सही अगदी अलीकडच्या, हजारोंनी छापलेल्या अंकावर असेल तर सहीचं शुल्क, साक्षीदाराचं शुल्क, तपासणीचं शुल्क आणि टपाल जोडल्यावर बहुधा नुकसानच होतं. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय विक्रीसाठी सही घेऊ नका.

सहीत नाव घातलं की विक्रीमूल्य साधारणपणे कमी होतं. जे ठेवणार आहेत त्यांना त्याने काही फरक पडत नाही. उलट नाव मागणाऱ्याला चित्रकार मोकळेपणाने भेटतात, कारण ही प्रत उद्या बाजारात दिसणार नाही याची त्यांना खात्री वाटते. सहीसोबत चित्रकाराने छोटं रेखाटन केलं असेल तर भाव वाढतो.

एखादा कलाकार आजारी असल्याची बातमी आली की सह्यांसाठी झुंबड उडते, हे मला पटत नाही. चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी डिसेंबर 2021 मध्ये आपला कर्करोग बरा होणारा नाही हे जाहीर केलं, वाचकांसाठी एकदा शेवटची सामूहिक सही-भेट घ्यायची इच्छा बोलून दाखवली, आणि 6 मे 2022 ला ते गेले. तो त्यांचा निर्णय होता, त्यांनी आपण होऊन दिलेली भेट होती. त्यांनी बोलावलं तर जरूर जावं. बोलावलं नसेल तर पत्र लिहावं, त्यात अंक घालू नये.

सही केलेली प्रत विकत घेताना

विक्रेत्याने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला काडीची किंमत नाही. ते कोणीही छापू शकतो. सही कुठे, कधी, कोणत्या कार्यक्रमात झाली, पावती आहे का, फोटो आहे का, हे विचारा.

मग भिंग घ्या. आधी बघा की सही छापलेली तर नाही. चित्रकार मूळ चित्रातच आपलं नाव लिहितो आणि ते चित्रासोबत छापलं जातं. नवखे लोक तीच सही समजून जादा पैसे देतात. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ती छपाई. पेनाची रेघ सलग दिसते आणि तिचा ओलसर चमकदार थर पृष्ठाच्या वर बसलेला असतो.

नंतर रेघेचा वेग बघा. रोज शेकडो सह्या करणाऱ्याचा हात वेगाने जातो. रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते, वळणं सहज असतात. नक्कल करणारा हळू जातो, त्यामुळे रेघ कापरी, सगळीकडे सारख्या जाडीची, आणि मध्येच थांबल्याचे ठिपके पडलेले. सही मुखपृष्ठाच्या एखाद्या घडीवरून जात असेल तर ती जागा नीट न्याहाळा. शाई घडीच्या भेगेत उतरून पसरली असेल तर सही घडी पडल्यानंतरची आहे. ‘अंक नवा असतानाच सही घेतली होती’ ही गोष्ट मग टिकत नाही. पेनावरूनही काळ कळतो. शार्पी बाजारात आलं 1964 मध्ये, त्यामुळे 1950 च्या दशकातली म्हणून सांगितलेली सही शार्पीची असेल तर पाऊल मागे घ्या. अंकाची तारीख आणि कलाकाराच्या मृत्यूची तारीखही एकदा ताडून बघा. साधी गोष्ट आहे, पण घाईत हीच राहून जाते.

टपालाने आणि परदेशात

काही लेखक-चित्रकार टपालाने सही देतात. त्यांनी स्वतः तसं जाहीर केलं असेल तरच पाठवा, घरचा पत्ता शोधून काढून कधीच नको. एक-दोनच प्रती, छोटं पत्र, परतीचं पाकीट आणि परतीचं टपाल. परदेशात पाठवताना आपल्याकडची तिकिटं तिथे चालत नाहीत, तेव्हा परतीची सोय आधी विचारून करा. हरवली तर जीव हळहळेल अशी प्रत टपालात टाकू नका.

रीत देशागणिक बदलते. फ्रान्स-बेल्जियममध्ये, विशेषतः 1974 मध्ये सुरू झालेल्या अँगुलेमच्या कॉमिक महोत्सवात, चित्रकार अल्बमच्या, म्हणजे तिथल्या पुस्तकरूपी कॉमिकच्या, आतल्या कोऱ्या पानावर सहीसोबत चित्रही काढून देतात. ते दुकानातून घेतलेल्या अल्बमवर असतं आणि वेळ लागतो, म्हणून रांग हळू सरकते. जपानमध्ये सही बरेचदा चौकोनी जाड कार्डावर घेतात आणि घेणाऱ्याचं नाव घालण्याची पद्धत आहे. जिथे जाल तिथली पद्धत आधी विचारून घ्या.

घरी आल्यावर

सही झाल्यावर लगेच पिशवी बंद करू नका. मार्करला काही मिनिटं पुरतात, पेंट मार्करला त्याहून जास्त वेळ द्या. अतिचकचकीत पृष्ठावर तर शाई तासाभरानेही बोटाला लागते. फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. अंक सपाट धरून बाजूला उभे राहा. दुसरा अंक त्यावर ठेवायचाच असेल तर मध्ये स्वच्छ कोरा कागद घाला.

नंतर आम्लरहित बोर्ड आणि पॉलिएस्टर फिल्मची पिशवी. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या काही वर्षांनी पिवळ्या पडतात, त्या बदलत राहाव्या लागतात. उन्हात सही फिकी होते, निळी आणि लाल शाई सगळ्यात आधी. भिंतीवर लावायचीच असेल तर अतिनील किरण अडवणारी काच वापरा आणि खिडकीसमोरची भिंत टाळा. दमट कपाट, जमिनीला टेकलेला खोका, दोन्ही नको.

शेवटचं काम त्याच दिवशी उरका, नाहीतर राहून जातं. एका आम्लरहित कागदावर लिहा: कोणाची सही, तारीख, कार्यक्रम, कोणतं पेन, शुल्क किती, सोबत कोण होतं. पावती आणि प्रवेशपत्रिका त्याला जोडा. सगळं बोर्डाच्या मागे ठेवा, अंकाला लागणार नाही असं, आणि टाचणी किंवा स्टेपल न वापरता. सही करतानाचा फोटो असेल तर त्याच्या फाइलला अंकाचं नाव आणि क्रमांक द्या, म्हणजे पुढे प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी फोटो कोणत्या अंकाचा हे त्यांना शोधत बसावं लागणार नाही.